पाय आधी, पोर मागाहून

गादीवाला हा माणूस मुळातच जपून वागणारा. स्टुलावर चढायचं झालं तर आधी स्टूल हलवून बघणार, मग त्यावर एक पाय टेकवून बघणार आणि मग "राहू दे, इतकीही काही घाई नाही" म्हणत तो पाय परत जमिनीवर आणणार. दुकानातला बल्ब गेला, की बायको ड्यूटीवरून येईपर्यंत हा दाराच्या उजेडात खुर्ची सरकवून बसायचा. बायको इस्पितळात नर्स. लोकांना सुया टोचून दमून यायची आणि खांद्यावरची पिशवीही न उतरवता स्टुलावर चढून बल्ब बदलायची. हा खाली स्टूल दोन्ही हातांनी आवळून धरायचा आणि तोंड वर करून विचारायचा,

"चक्कर येत नाही ना गं?"

"येतेय. तुमचं बोलणं ऐकून."

अशा माणसाच्या घरात देवानं नाकतोडा पाठवला. देवाचा हिशोब आपल्याला कळत नाही हे खरंच. पण कधीकधी वाटतं, हिशोब वगैरे काही नसावा, त्यालाही घटकाभर हसावंसं वाटत असावं.

नाकतोडा म्हणजे गादीवाल्याचा मुलगा. बारशाला चांगलं भारदस्त नाव ठेवलं होतं त्याचं, पण ते नाव पूर्ण उच्चारून होईपर्यंत पोर कपाटावर पोचलेलं असायचं, म्हणून गल्लीनंच त्याला हे सुटसुटीत नाव दिलं. चालायला लागायच्या आधी तो चढायला लागला. रांगत्या वयात खिडकीच्या कट्ट्यावर सापडला. दात येत होते तेव्हा शिलाई मशीनवर सापडला, चाक चावताना. पुढे पुढे तर त्याला युक्त्या सुचायला लागल्या. कपाटाचा सगळ्यात खालचा खण पूर्ण ओढायचा, त्यावरचा जरा कमी, त्यावरचा आणखी कमी, की झाला जिना तयार. हे त्याला कोणी शिकवलं नव्हतं. बाप तर जिन्यावरही भिंतीला खेटून चालायचा.

दुकान खाली, घर वर. दुकानाच्या मागच्या भागात कापूस पिंजायचं यंत्र, त्याच्या बाजूला कापसाचे करकचून बांधलेले गठ्ठे, पुढे लांबरुंद फळी, जिच्यावर गादी पसरून टाके घालायचे, आणि दाराशी गल्ल्याचं उंच टेबल. गादीवाल्याच्या केसांत, भुवयांत, कानांत सदोदित कापूस. अंघोळ करून आला तरी दोन-चार तंतू कुठून तरी डोकावायचेच. हात मात्र सुरेख चालायचा. वीतभर लांबीचं दाभण हाताच्या एका झटक्यात गादीच्या आरपार जायचं आणि नेमकं हवं तिथून वर यायचं. गिऱ्हाईक म्हणालं, "पाठ दुखते हो," की हा म्हणायचा, "मग एक थर जास्त घालू." गिऱ्हाईक म्हणालं, "सासरे सकाळी उठून तोंड पाडून बसतात," तरी हा म्हणायचा, "एक थर जास्त घालू." जगातली बरीचशी दुःखं टणकपणातून येतात आणि त्यांवर कापसाइतका उतारा नाही, असं त्याचं प्रामाणिक मत होतं.

तेव्हा पोर खिडकीत सापडल्यावर त्यानं काय केलं असेल, हे वेगळं सांगायला नको. खिडकीखाली गादी आली. मग पलंगाच्या दोन्ही बाजूंना आल्या. कपाटासमोर आली. जिन्याच्या पायथ्याशी दुहेरी आली. टेबलाच्या पायांना त्यानं खोळी शिवल्या, नळाला टोपी शिवली, दाराच्या उंबऱ्याला उशी बांधली. बघता बघता त्या दोन खोल्यांत फरशी म्हणून काही दिसेनाशी झाली. पाहुणे आले तर उंट चालावेत तसे वरखाली होत आत यायचे आणि चहाची कपबशी छातीशी धरून बसायचे.

"हे घर आहे की गोदाम?" बायको विचारायची.

"अगं, पोर पडतं."

"पोरं पडतातच. मी कमी पाहिलीत का पडलेली?"

"तू इस्पितळात पाहिलीस. मला घरात बघायची नाहीत."

ती बूट हातात घेऊन गाद्यांवरून झोकांड्या खात स्वयंपाकघरात जायची.

आणि खरं सांगायचं, तर गादीवाल्याचं चुकतही नव्हतं, असं तेव्हा वाटे. नाकतोडा दिवसातून असंख्य वेळा पडे आणि एकदाही रडत नसे. पलंगावरून पडला, हसला. कपाटावरून पडला, हसला. त्याच्या अंगावर कधी ओरखडा नाही, कपाळाला कधी टेंगूळ नाही. "माझं पोर रडतच नाही," असं गादीवाला लोकांना सांगायचा, आणि सांगताना त्याच्या अंगावर मूठभर मांस चढायचं. जन्मभर घाबरत जगलेल्या माणसाच्या पोटी असं बिनधास्त पोर! त्याला तो देवाचा प्रसादच वाटायचा.

इथवर ठीक होतं. पण मग दुकानातली गंमत सुरू झाली.

बायकोची बाळंतपणाची आणि त्यामागची जोडून घेतलेली रजा संपली, ती कामावर रुजू झाली आणि पोर दिवसभर बापाबरोबर दुकानात येऊ लागलं. एकदा एक जोडपं गादी घ्यायला आलं. बाई गादी दाबून दाबून बघत होत्या. "बसेल हो ही लवकर," त्या नाक मुरडून म्हणाल्या. तोवर नाकतोडा गल्ल्यावर चढला होता, त्यानं आव पाहिला न ताव, हात पसरले आणि धप्पकन त्या गादीवर उडी घेतली. गादीनं त्याला झेललं, जरासं वर उडवलं, परत झेललं. पोर खिदळलं. बाई हसल्या, त्यांच्या यजमानांनी टाळ्या वाजवल्या आणि गादी विकली गेली.

झालं. गादीवाल्याच्या डोक्यात ते बसलं. पुढच्या गिऱ्हाईकाला तो म्हणाला, "माझ्या तोंडाचं काय ऐकता, हा सांगेल." मग नाकतोड्याला गल्ल्यावर उभं करायचं, खाली नवी गादी पसरायची, बापानं टाळ्या वाजवायच्या, की पोरानं उडी मारायची. गिऱ्हाईकं टाळ्या वाजवायची. शेजारचा चष्मेवाला आपलं दुकान सोडून बघायला यायचा. नाकतोड्याला तर स्वर्ग दोन बोटं उरला. जगात उंच जागा आहेत, उंच जागेवरून उडी मारायची असते आणि उडी मारली की लोक खूश होतात, असं त्याचं तत्त्वज्ञान पक्कं झालं. बायकोला हे ठाऊक नव्हतं. गादीवाल्यानं लपवलं नाही, पण सांगितलंही नाही. काही गोष्टी सांगायला योग्य वेळ येत नाही, तशी ही.

अशात सासूबाई आल्या.

गादीवाल्याच्या सासूबाई म्हणजे सरळ पाठीच्या, खणखणीत आवाजाच्या. जावयाला त्या कधी टाकून बोलल्या नव्हत्या; फक्त बोलण्याआधी क्षणभर थांबत, आणि त्या क्षणभरातच गादीवाल्याला घाम फुटायचा. पहिल्या दिवशी त्या गाद्यांवरून चालत पलंगापर्यंत पोचल्या, बसल्या, दम खाल्ला आणि म्हणाल्या,

"जावईबापू, जमीन कुठे ठेवलीत?"

दुसऱ्या दिवशी नातवाला बूट घ्यायचे ठरले. आजी, नातू आणि बाप असे तिघे बुटांच्या दुकानात गेले. दुकान झकपक, खाली आरशासारखी गुळगुळीत फरशी. दुकानदारानं मोठ्या प्रेमानं पोराला उचलून काउंटरवर बसवलं आणि माप घ्यायची पट्टी शोधायला वळला. नाकतोडा उठून उभा राहिला. त्यानं इकडेतिकडे बघितलं. गिऱ्हाईकं आहेत. उंच जागा आहे. बाप समोर आहे. त्यानं बापाकडे बघून हात पसरले.

आणि गादीवाल्याचे हात, मेले, सवयीनं टाळीसाठी वर गेले.

टाळी वाजली नाही. पण हात वर गेले हे पोरानं पाहिलं, आणि आजीनंही पाहिलं. पुढच्या क्षणी पोर हवेत होतं, आणि त्याच्या पुढच्या क्षणी असा आवाज झाला, की दुकानातली सगळी माणसं जागच्या जागी थिजली.

नाकतोडा लगेच रडला नाही. तो उपडा पडला होता, उठून बसला. कपाळावर टेंगूळ येत होतं, ओठातून रक्त येत होतं, पण चेहऱ्यावर दुखण्यापेक्षा नवल जास्त होतं. त्यानं हाताच्या तळव्यानं फरशी थापटली. पुन्हा थापटली. मग बापाकडे वर बघून विचारलं, "गादी?"

आणि मग त्यानं जो टाहो फोडला, तो चष्मेवाल्याच्या दुकानापर्यंत ऐकू गेला असेल.

घरी बायकोनं ओठ पुसला, बर्फ लावला, डोळ्यांत बॅटरी मारून बघितली, "काही नाही, ठीक आहे" म्हणाली. पोर बिस्किट खाऊन विसरलंही. पण सासूबाई विसरल्या नव्हत्या.

"टाळ्या वाजवायला हात वर गेले होते तुमचे. मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं."

क्षणभर थांबणं नाही, काही नाही. मग गल्ला, गिऱ्हाईकं, उड्या, सगळं गादीवाल्याच्या तोंडून बाहेर आलं. बायको बर्फाची पिशवी हातात धरून ऐकत राहिली. पाणी तिच्या कोपरावरून ठिबकत होतं.

"रविवारी मी परत जाते," सासूबाई म्हणाल्या. "पोराला घेऊन जाते. शाळेत जायचा झाला की आणा परत. तोवर अक्कल येईल. त्याला म्हणतेय मी, पण तुम्ही स्वतःलाही लावून घेतलंत तर माझी हरकत नाही."

गादीवाल्यानं बायकोकडे पाहिलं. ती रागावली असती, आदळआपट केली असती, तर त्यानं सोसलं असतं. ती हळूच म्हणाली, "आई म्हणते ते अगदीच चूक नाही हो. मी ड्यूटीवर असते. माझा जीव तिथे टांगलेला असतो."

पोर नाही म्हणजे काय, हे गादीवाला मनाशी जुळवून बघायला लागला, पण काही केल्या जुळेना. दुकान म्हटलं की गठ्ठ्यांमागून येणारं खुडबुड ऐकू यायचं, फळीखालून पाय ओढला जायचा, धाग्याचं रीळ गायब व्हायचं. या सगळ्यातून पोर वजा केलं, तर मागे नुसता कापूस उरत होता.

"रविवारपर्यंत बघा," तो म्हणाला. "तोवर सुधारून दाखवतो."

"कोणाला?" सासूबाईंनी विचारलं.

दुसऱ्या दिवशी त्यानं सुधारणा सुरू केली, आणि आपल्या स्वभावाला धरूनच केली. त्यानं पोरासाठी कापूस भरलेला कोट शिवला. पुढून दोन थर, मागून तीन, बाह्यांना वेगळा भराव आणि डोक्याला जोडूनच टोपडं. शिवणकाम म्हणाल तर अप्रतिम, टाका न् टाका सारखा. नाकतोडा त्यात शिरला आणि लोड उभा केल्यासारखा दिसू लागला. त्याचे हात आडवे राहिले. खाली बसला तर उठता येईना; आडवा झाला तर पाय हवेत. गादीवाल्याचा जीव भांड्यात पडला. आता कुठे चढतो बघू!

चढता येत नव्हतं, हे खरं. पण गडगडता येतं, हा शोध नाकतोड्याला लागला. जिन्याच्या वरच्या पायरीशी जाऊन त्यानं अंग सोडून दिलं आणि खिदळत खिदळत, पायरी पायरी मोजल्यासारखा धपाधप उसळत थेट दुकानात, तक्क्या बघायला आलेल्या एका गृहस्थांच्या पायाशी येऊन थांबला.

"हा केवढ्याला?" गृहस्थांनी विचारलं. आणि मग त्याला तोंड आहे हे दिसल्यावर ते काही न घेताच निघून गेले.

वरून सासूबाई बघत होत्या. आत जाऊन त्यांनी पोराचे कपडे घड्या घालून एका छोट्या पिशवीत भरायला घेतले.

कोट उतरला. पण एक बरं झालं. त्याच दिवशी नाकतोड्यानं दुधाचं अख्खं पातेलं खोलीभर गाद्यांवर सांडलं, म्हणून गादीवाल्याला सगळ्या गाद्या गच्चीत उन्हाला टाकाव्या लागल्या. खोली उघडीवाघडी झाली. शेवटची गादी डोक्यावर घेऊन तो दाराशी पोचला आणि वळून बघतो, तर पोर खुर्चीवर उभं. हात पसरलेले. खाली नुसती फरशी.

दोन्ही हात डोक्यावरच्या गादीला अडकलेले, आणि खोलीचं एवढं अंतर मध्ये. "थांब!" तो ओरडला.

पोर थांबलं. आणि तेव्हा गादीवाल्याला दिसलं, की ते खाली बघतच नव्हतं. कपाळावरचं टेंगूळ अजून निळं होतं, ओठ सुजलेला होता, तरी खाली काय आहे हे बघायची त्याला गरजच वाटत नव्हती. ते बापाच्या तोंडाकडे बघत होतं. आजवर ज्या ज्या जागेवरून त्यानं उडी घेतली, तिथे बापानं आधीच जाऊन जग मऊ करून ठेवलं होतं. मग खाली कशाला बघायचं? बाप आहे म्हणजे गादी आहे. पोर बेअक्कल नव्हतं, विश्वास टाकणारं होतं. आणि त्या विश्वासानंच ते कधीतरी मरणार होतं.

गादीवाल्यानं डोक्यावरची गादी टाकून दिली आणि जाऊन खुर्चीपाशी फरशीवर बसला. देवाचं नाव घेतलं. तो देवाकडे फारसं मागायचा नाही, कारण मागितलं आणि भलतंच मिळालं तर, अशी भीती. पण त्या दिवशी त्यानं मागितलं. "मला जे येतं ते याला येऊ दे," एवढंच.

आता त्याला येत काय होतं? चढणं येत नव्हतं. उडी येत नव्हती. पण उतरणं? उतरण्यात मात्र या माणसाचा हात धरणारा गल्लीत कोणी नव्हता. टेम्पोच्या फळीवरून असो, गच्चीच्या शिडीवरून असो, तो नेहमी एकाच पद्धतीनं उतरायचा: तोंड आतल्या बाजूला, पोट टेकवायचं, मग एक पाय खाली सोडायचा, पायानं जमीन चाचपायची आणि जमीन "आहे" म्हणाली की मगच बाकीचा माणूस सोडायचा. हमाल लोक हसायचे. त्याला वाटायचं, हसा.

त्यानं फरशीवर बोटांच्या पेरांनी ठोकलं. "हे बघ. टक टक. गादी नाही."

पोरानं पहिल्यांदा खाली बघितलं.

"हात लाव. टणक ना? मग उडी नाही. पाय आधी. पाय आधी, पोर मागाहून."

नाकतोडा शहाण्यासारखा बघत राहिला आणि मग बापाकडे बोट करून म्हणाला, "बाबा."

म्हणजे, तू करून दाखव.

आणि मग जे व्हायचं ते झालं. गादीवाल्याला खुर्चीवर चढावं लागलं. चढताना त्यानं आधी खुर्ची हलवून बघितली, हे सांगायला नको. वर गेला, तोंड फिरवलं, पोट टेकवलं, पाय सोडला. "बघ, पाय शोधतोय. सापडली जमीन! आता बाबा." पोर आनंदानं किंचाळलं आणि म्हणालं, "परत!"

त्या दिवसापासून दुकानात वेगळाच खेळ सुरू झाला. गिऱ्हाईक आत आलं, की त्याला गल्ल्यावर पालथा पडलेला मालक दिसायचा, एक पाय हवेत, आणि खाली उभं राहून हुकूम सोडणारं दोन वर्षांचं पोर: "अजून! अजून खाली!"

"गादीवाले, तब्येत बरी आहे ना?" चष्मेवाल्यानं विचारलं.

"उतरतोय," गादीवाला तोंड गल्ल्याच्या फळीत खुपसूनच म्हणाला.

"कुठून?"

"ते महत्त्वाचं नाही."

आधी बाप उतरायचा, मग पोर. पोराला पहिल्यांदा काही जमेना. तोंड भलतीकडे, पाय भलतीकडे. मध्येच उडीचा मोह व्हायचा आणि हात पसरायचे. तेव्हा गादीवाला टाळ्या वाजवत नसे, की ओरडत नसे. नुसतं विचारायचा, "खाली काय आहे?" पोर वाकून बघायचं. "फरशी," असं म्हणायचं, कधी रुसून, कधी रागानं, पण म्हणायचं. दोनदा ढुंगणावर आपटलं, रडलं. बापाच्या डोळ्यांत पाणी आलं, हात गादीकडे गेला, पण त्यानं तो मागे घेतला. गाद्या गच्चीवरून खाली आणल्याच नाहीत. बायको घरी आली आणि बूट न काढताच खोलीभर सरळ चालून बघून आली. मग परत एकदा चालली.

सासूबाईंनी मात्र छोटी पिशवी भरून दाराशी ठेवली होती.

रविवार उजाडला. सकाळीच एका वसतिगृहाची मोठी मागणी टेम्पोत चढली. दुकानात एक गादी उरली नाही, एक उशीदेखील नाही. मागे फक्त कच्च्या कापसाचे गठ्ठे, दोरांनी आवळलेले, एकावर एक रचलेले, गादीवाल्याच्या छातीइतके उंच. टेम्पो गेला, गादीवाला घाम पुसत आत वळला, आणि जिन्यावरून सासूबाईंचा आवाज आला,

"अहो, पोर कुठाय?"

पोर गठ्ठ्यांवर होतं. सगळ्यात वरच्या. कडेला, उभं. खाली दगडी फरशी.

सासूबाई धावत आल्या, त्यांच्या मागे बायको. "धरा! अहो धरा त्याला! गादी टाका खाली काहीतरी!" सासूबाईंचा आवाज चिरकला आणि त्या पुढे झेपावल्या. बायकोनं त्यांचं मनगट पकडलं. तिचा स्वतःचा चेहरा पांढरा झाला होता, पण पकड नर्सची होती.

"आई, ओरडू नकोस. थांब जरा."

गादीवाल्याच्या पाचावर धारण बसली होती. तो हळूहळू चालत गठ्ठ्यांपाशी गेला आणि पोराच्या अगदी खाली उभा राहिला. हात पुढे करून पोराला उचलणं किती सोपं होतं! पोर हातभर अंतरावर होतं. उचललं असतं, छातीशी धरलं असतं, आणि दुपारच्या बसनं ते आजीबरोबर गेलं असतं.

नाकतोड्यानं बापाकडे बघितलं. हात पसरले.

गादीवाला नेहमीच्याच आवाजात म्हणाला, "खाली काय आहे रे?"

पोरानं खाली बघितलं. बराच वेळ बघितलं. हात हळूहळू खाली आले.

"फरशी."

"मग?"

"पाय," पोर म्हणालं. वळलं. गुडघ्यावर आलं, पालथं झालं, दोर घट्ट धरला आणि एक पाय खाली सोडला. पाय हवेत फिरू लागला. इकडे काही नाही, तिकडे काही नाही. "बाबा!" आवाजात रडू आलं.

"आहे. इथेच आहे. शोध. अजून खाली... अजून... हां, तिथं."

अंगठा दोरात अडकला. मग दुसरा पाय. गादीवाल्याचे दोन्ही पंजे पोराच्या दोन बाजूंना, वीतभर अंतरावर, तसेच धरलेले; शिवले नाहीत. पोर घसरत, धापा टाकत, नाकाला कापूस लावून एक एक गठ्ठा उतरत आलं. फरशीला पाय लागला तेव्हा त्यानं खाली वाकून ती तळव्यानं थापटून खात्री करून घेतली. मग सगळ्यांकडे बघितलं. कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत. तेव्हा त्यानं स्वतःच वाजवल्या.

गादीवाला तिथल्या तिथे, फरशीवर बसला. दोन्ही हात त्यानं मांड्यांखाली दाबून धरले.

सासूबाई वर गेल्या, छोटी पिशवी घेऊन खाली आल्या, गल्ल्यावर ठेवून तिची चेन उघडली आणि एक एक कपडा बाहेर काढून ठेवू लागल्या.

"आई..." गादीवाला म्हणाला.

"एवढं ओझं मला बसमध्ये झेपायचं नाही."

"म्हणजे..."

"म्हणजे काय म्हणजे? माझ्या गच्चीला कठडा नाही. आणि मला तुमच्यासारखं गप्प उभं राहता येत नाही, मी ओरडते. आत्ता हिनं धरलं नसतं तर मी ओरडून पाडलं असतं पोराला." त्यांनी एक चिमुकला सदरा झटकला. "टाळ्या बंद झाल्या ना?"

"बंद."

"गिऱ्हाईक आलं तरी?"

"गिऱ्हाईकानं स्वतः मारून बघावी उडी."

बायको हसली. हसता हसता डोळे पुसायला लागली, आणि मग आईच्या हातातला सदरा घेऊन त्यानंच तिनं नाक पुसलं.

दुपारी सगळे सासूबाईंना पोचवायला निघाले. बसथांबा जवळच, पण पोचता पोचेना. कारण वाटेत फुटपाथ होता, आणि फुटपाथ जिथे जिथे संपत होता, तिथे तिथे नाकतोडा थांबत होता. खाली वाकून बघायचा. "फरशी," म्हणायचा, रस्ता असला तरी. मग वळायचा, भररस्त्यात पालथा पडायचा, एक पाय खाली सोडून चाचपायचा आणि मोठ्या सावकाशीनं ती वीतभर उंची उतरायचा. मागे माणसं खोळंबायची. आजीनं मग घेऊन दिलेले नवे बूट धुळीनं माखले होते. पोट तर सारवल्यासारखं झालं होतं.

थांब्याच्या अलीकडचा शेवटचा फुटपाथ आला तेव्हा बस येऊन उभी होती. नाकतोडा पालथा पडला.

"आई, बस जाईल तुमची," गादीवाला कासावीस होऊन म्हणाला. "उचलू का त्याला?"

"खबरदार," सासूबाई म्हणाल्या, आणि हात उंच करून कंडक्टरला हाक मारली, "थांब रे बाबा जरा! माझा नातू उतरतोय."